रूझवेल्ट यांचा रक्तदाब: एका केसपेपरचा अभ्यास

मार्च १९४४ च्या अखेरीस अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा नौदल रुग्णालयात तपासणीसाठी आणलं गेलं. वय ६२. डिसेंबरअखेरीस फ्लू झाला होता आणि तेव्हापासून खोकला हटत नव्हता. चेहरा उतरलेला, थकवा कायमचा, ओठांवर निळसर झाक. मुलगी ॲना हिने आग्रह धरला म्हणून ही तपासणी झाली. त्यांचे खासगी डॉक्टर व्हाइस ॲडमिरल रॉस मॅकिन्टायर मुळात कान-नाक-घशाचे तज्ज्ञ. त्यांच्या लेखी हा फ्लूनंतरचा ब्राँकायटिस, म्हणजे श्वासनलिकांची सूज, होता.

रुग्णालयातले तरुण हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हॉवर्ड ब्रून यांनी रूझवेल्ट यांना टेबलावर झोपवलं आणि तपासायला सुरुवात केली. या कुशीवरून त्या कुशीवर वळतानाही रूझवेल्ट यांना दम लागत होता. नाडी ७२, श्वासाची गती मिनिटाला २४, रक्तदाब १८६/१०८. हृदयाच्या टोकाचा ठोका जिथे लागायला हवा त्याच्या २ सेंटिमीटर बाहेर लागत होता, म्हणजे हृदय वाढलेलं. टोकाशी मर्मर, म्हणजे ठोक्यांच्या मधला सळसळणारा जादा आवाज, ऐकू येत होती, महाधमनीच्या झडपेचा दुसरा आवाज जोरात वाजत होता, दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी बारीक चरचर होती. एक्स-रेमध्ये हृदयाची सावली मोठी आणि फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या दिसल्या. ईसीजीवर डाव्या कप्प्यावर ताण असल्याच्या खुणा होत्या.

ब्रून यांनी निदान लिहिलं: हायपरटेन्शन म्हणजे उच्च रक्तदाब, त्यातून झालेला हृदयाचा आजार म्हणजे हायपरटेन्सिव्ह हार्ट डिसीज, डाव्या बाजूचं हार्ट फेल्युअर आणि सोबत ब्राँकायटिस.

इंटर्न मुलांना हृदयाची लक्षणं शिकवताना मी याच प्रकरणापासून सुरुवात करतो. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांत रोज वापरले जाणारे निम्मे शब्द या एका माणसाच्या शेवटच्या तेरा महिन्यांत एकामागून एक येतात. पाठांतराच्या यादीत ते सुटे सुटे असतात. इथे ते ज्या क्रमाने येतात त्या क्रमाला कारण आहे, आणि ते कारण १९३७ पासून कागदावर लिहिलेलं होतं.

आधीचे आकडे

उपलब्ध नोंदी अशा आहेत. जुलै १९३५ मध्ये रक्तदाब १३६/७८. एप्रिल १९३७ मध्ये १६२/९८. नोव्हेंबर १९४० मध्ये १७८/८८. फेब्रुवारी १९४१ मध्ये १८८/१०५. त्यानंतर थेट मार्च १९४४ मधले ब्रून यांचे १८६/१०८.

वरचा आकडा सिस्टोलिक: हृदय आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलतं त्या क्षणीचा दाब. खालचा डायस्टोलिक: दोन ठोक्यांच्या मधे, हृदय सैल पडून भरत असताना धमन्यांत उरलेला दाब. दोन्ही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. दंडाला पट्टा बांधून दाब मोजायची पद्धत रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये आणली आणि स्टेथोस्कोपने आवाज ऐकून दोन्ही आकडे काढण्याची रीत कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये सांगितली. म्हणजे १९३७ पर्यंत हे तंत्र चांगलं रुळलेलं होतं. मोजमापात चूक नव्हती. त्या आकड्यांचं करायचं काय, यावर मात्र त्या काळच्या वैद्यकाचं मत आजच्यापेक्षा फार वेगळं होतं.

वय वाढलं की धमन्या कडक होतात, मग त्यातून रक्त पुढे रेटायला जास्त दाब लागणारच, असं बहुतेक मोठे डॉक्टर मानत. वाढलेला दाब ही शरीराने केलेली सोय आहे, ती मोडू नये, असंही काही जण लिहीत. या प्रकाराला नाव होतं ‘इसेन्शियल हायपरटेन्शन’. त्यातल्या ‘इसेन्शियल’चा मूळ अर्थ एवढाच, की मूत्रपिंडाचा विकार किंवा दुसरं कुठलं उघड कारण सापडत नाही. वाचणाऱ्याला मात्र ‘आवश्यक’ हा अर्थ आधी सुचतो आणि त्या काळातला उपचारही त्या अर्थालाच धरून चालला होता. हे नाव आजही केसपेपरवर येतं. शक्य तिथे ‘प्रायमरी’ लिहावं, असा माझा आग्रह असतो.

आपल्याकडे दुसऱ्या शब्दाने घोळ होतो. “डॉक्टर, मला कसलंच टेन्शन नाही, मग बीपी कशाने वाढेल?” हा प्रश्न ओपीडीत रोज येतो. हायपरटेन्शनमधलं टेन्शन धमनीच्या भिंतीवरच्या ताणाचं आहे, मनावरच्या नव्हे. घरी काळजी नसलेला, शांत झोपणारा, हसतमुख माणूसही १८०/११० घेऊन फिरत असतो आणि त्याला काहीच जाणवत नाही. रूझवेल्ट यांनाही १९३७ मध्ये काही जाणवत नव्हतं.

मधली सात वर्षं हृदयात काय चाललं होतं

डावा निलय, म्हणजे हृदयाचा खालचा डावा कप्पा, महाधमनीत रक्त सोडतो. समोर दाब जास्त असेल तर प्रत्येक ठोक्याला त्याला जास्त जोर लावावा लागतो. तालमीत जाणाऱ्या गड्याचे दंड भरतात तशी या कप्प्याची भिंत जाड होते. याला लेफ्ट व्हेंट्रिक्युलर हायपरट्रॉफी म्हणतात, रिपोर्टवर ‘एलव्हीएच’. इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर हे वाचून “हृदय मजबूत आहे ना?” असं विचारणारे नातेवाईक मला भेटतात. जाड झालेली भिंत ताठ असते, नीट सैल पडत नाही, त्यामुळे कप्पा पुरता भरत नाही. तिला रक्तही जास्त लागतं, पण तिला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी वाहिन्या त्या मानाने वाढत नाहीत. वर्षं जातात तसा हा कप्पा थकतो, मग ताणला जाऊन पसरतो. टोकाचा ठोका बाहेर सरकतो तो यामुळे. कप्पा पसरला की डावं अलिंद, म्हणजे वरचा डावा कप्पा, आणि निलय यांमधल्या मायट्रल झडपेच्या पाळ्या एकमेकींना नीट मिळत नाहीत, थोडं रक्त मागे सटकतं आणि स्टेथोस्कोपमध्ये मर्मर येते. ब्रून यांनी ऐकलेल्या मर्मरची सरळ उकल हीच आहे.

पुढे गेलेलं रक्त कमी पडतं आणि मागे रक्त साचतं. डाव्या बाजूच्या मागे काय आहे? फुप्फुसं. तिथल्या बारीक वाहिन्यांतला दाब वाढतो, पाणी पाझरून वायुकोशांत येतं. श्वास घेताना ते ओले कोश उघडतात आणि चरचर ऐकू येते. आमच्या बोलण्यात त्याला ‘बेसल क्रेप्स’ म्हणतात. हे पाणी खोकला आणतं. रूझवेल्ट यांच्या खोकल्याला ब्राँकायटिस हे नाव मिळालं ते संपूर्ण चूक नव्हतं, फ्लू खरोखर झालेला होता. पण ते नाव मिळाल्यावर पुढे कुणी छातीच्या तळाशी स्टेथोस्कोप लावून विचार केला नाही. आजही साठीपुढच्या माणसाचा खोकला तीन आठवड्यांवर गेला, कफ सिरपच्या दोन बाटल्या संपल्या आणि तो आडवं झाल्यावर वाढतो, असं कुणी सांगितलं की मी आधी मानेच्या शिरा आणि फुप्फुसांचे तळ बघतो.

‘हार्ट फेल्युअर’ या शब्दाबद्दल इथे थांबून बोलायलाच हवं. आपल्या बोलीत ‘हार्ट फेल झालं’ म्हणजे माणूस गेला. त्यामुळे डिस्चार्ज कार्डावर ‘हार्ट फेल्युअर’ वाचून घरात रडारड सुरू होते, आणि समोर रुग्ण चहा पीत बसलेला असतो. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदयाचा पंप शरीराची गरज भागवायला कमी पडतो. तो दिवसेंदिवस, वर्षानुवर्षं चालणारा आजार आहे. रूझवेल्ट यांना मार्च १९४४ मध्ये हार्ट फेल्युअर होतं आणि त्यानंतर त्यांनी निवडणूक लढवली, जिंकली, युद्ध चालवलं. हार्ट अटॅक वेगळा: कोरोनरी धमनी गुठळीने बंद पडून हृदयाच्या स्नायूचा एक भाग मरतो, त्याचं पुस्तकी नाव मायोकार्डियल इन्फार्क्शन. कार्डिॲक अरेस्ट म्हणजे ठोके प्रत्यक्ष थांबणं. वर्तमानपत्रात तिघांनाही ‘हृदयविकाराचा तीव्र झटका’ म्हणून मोकळे होतात. रूझवेल्ट यांना हार्ट अटॅक आल्याची नोंद नाही.

दम: लागला, पण दिसला नाही

दम लागणं, धाप लागणं, श्वास अपुरा पडणं, छाती भरून येणं. रुग्ण हे सगळं अदलून बदलून बोलतो आणि आम्ही केसपेपरवर ‘डिस्प्निया’ एवढाच शब्द लिहितो. त्या शब्दाच्या पुढे ‘कधी’ हे लिहिलं नाही तर तो निरुपयोगी आहे. जिना, चढण किंवा पाण्याची कळशी उचलताना लागणारा दम म्हणजे एक्झर्शनल डिस्प्निया. उताणं झोपल्यावर दम कोंडतो आणि दोन-तीन उशा घ्याव्या लागतात तो ऑर्थोप्निया. आडवं झाल्यावर पायाकडचं रक्त छातीत परततं आणि ओल्या फुप्फुसांवर आणखी भार पडतो. झोप लागून तास-दोन तासांनी अचानक घुसमटून जाग येते, माणूस उठून खिडकीशी जाऊन बसतो, तो पॅरॉक्सिस्मल नॉक्टर्नल डिस्प्निया, ‘पीएनडी’. रुग्ण सांगतो, “रात्री उठून बसावं लागतं.” हे वाक्य ऐकलं की पुढची तपासणी लांबणीवर टाकायची नसते.

न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनने १९२८ मध्ये आखलेली चार पायऱ्यांची वर्गवारी आजही आम्ही वापरतो. ती सगळी ‘किती काम केल्यावर त्रास होतो’ या प्रश्नावर उभी आहे. आता रूझवेल्ट यांचा विचार करा. १९२१ मध्ये पोलिओने त्यांचे दोन्ही पाय गेले. ते चाकाच्या खुर्चीत असत, उभं राहायचं तर पोलादी ब्रेस लावून आणि कुणाच्या तरी आधाराने. जिना चढण्याचा, चालण्याचा, घाई करण्याचा प्रसंगच येत नव्हता. हृदय थकत चालल्याची पहिली तक्रार ज्या हालचालीत उमटते ती हालचालच त्यांच्या आयुष्यात नव्हती. तक्रार नाही म्हणून आजार नाही, असं धरलं गेलं. टेबलावर कूस बदलताना दम लागला तेव्हा रोग बराच पुढे गेला होता.

मला हा या प्रकरणातला सगळ्यात कामाचा धडा वाटतो. गुडघे धरलेल्या आजी घराबाहेर पडत नाहीत, पक्षाघात झालेले आजोबा पलंगावरच असतात. “दम लागतो का?” विचारलं की उत्तर “नाही” येतं आणि ते खरंही असतं. त्यांना वेगळं विचारावं लागतं: अंघोळ करताना मधे थांबता का, केस विंचरताना थकायला होतं का, झोपताना उशा वाढल्या का, सलग एक वाक्य बोलता येतं का. घोट्यांवर अंगठा दाबून खळगा पडतो का ते बघावं लागतं. तसा खळगा पडणारी सूज, पिटिंग एडिमा, उजव्या बाजूच्या मागे रक्त साचल्याची खूण. पण दिवसभर अंथरुणात असलेल्या माणसात ती घोट्याऐवजी कमरेच्या मागच्या बाजूला सापडते.

उपचार आणि त्याची मर्यादा

ब्रून यांनी सांगितलं: एक-दोन आठवडे पूर्ण विश्रांती, डिजिटालिस, हलका आणि कमी मिठाचा आहार, हळूहळू वजन कमी करणं, झोपेसाठी सौम्य औषध. युद्ध ऐन भरात असताना राष्ट्राध्यक्षांना अंथरुणात टाकता येणार नाही, असं म्हणून मॅकिन्टायर यांनी ते नाकारलं. मग अटलांटाचे जेम्स पॉलिन आणि बॉस्टनचे फ्रँक लेही यांना सल्ल्यासाठी बोलावलं. चर्चेअंती डिजिटालिस सुरू करायला संमती मिळाली.

डिजिटालिस म्हणजे फॉक्सग्लोव्ह या फुलझाडाच्या पानांचं औषध. इंग्लंडमधले डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये त्याचे अनुभव छापले होते. ते हृदयाच्या आकुंचनाचा जोर वाढवतं. रूझवेल्ट यांच्यावर त्याचा परिणाम झपाट्याने दिसला. दहा-बारा दिवसांत फुप्फुसं मोकळी झाली, खोकला गेला, हृदयाची सावली लहान झाली, झोप लागू लागली. सिगारेटी कमी केल्या. मग साउथ कॅरोलायनातल्या हॉबकॉ इथे बर्नार्ड बारूक यांच्या जागेत महिनाभर विश्रांती घेतली.

रक्तदाब मात्र उतरला नाही. उतरवणारं धड औषधच नव्हतं. फेनोबार्बिटॉल ही गुंगीची गोळी दिली जात होती. कण्याजवळच्या सिंपॅथेटिक नसा कापण्याची मोठी शस्त्रक्रिया होती, आणि वॉल्टर केम्पनर यांचा जवळजवळ बिनमिठाचा भात आणि फळं यांचा आहार १९४४ मध्येच पुढे येत होता. म्हणजे फेल्युअरवर इलाज झाला, फेल्युअरच्या कारणावर झाला नाही. पुढचं वर्ष हेच दाखवत जातं.

ऑगस्ट १९४४. वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टन इथे विनाशिकेच्या डेकवर ब्रेस लावून उभ्याने भाषण करताना रूझवेल्ट यांच्या छातीत कळ आली. ती दोन्ही खांद्यांपर्यंत गेली आणि सुमारे पंधरा मिनिटं टिकली. ते बोलत राहिले. नंतर काढलेल्या ईसीजीत नवा बदल नव्हता. हा अंजायना, हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडल्याने येणारी कळ. विल्यम हेबर्डन यांनी अठराव्या शतकात त्याचं वर्णन करताना छाती आवळल्यासारखी भावना आणि श्रमाने येऊन थांबल्यावर जाणं यावर भर दिला होता. आपले रुग्ण ‘दुखतं’ म्हणतीलच असं नाही. “छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं”, “कुणीतरी आवळतंय”, “जळजळतंय”, “गॅस अडकलाय” असं सांगतात, आणि बोट दाखवायला सांगितलं तर बोट न दाखवता सबंध तळवा किंवा मूठ छातीच्या मधोमध ठेवतात. एका बोटाने नेमकी जागा दाखवणाऱ्याचं दुखणं बहुधा फासळीचं किंवा स्नायूचं निघतं. बाई असेल, मधुमेह असेल, वय जास्त असेल तर कधी कधी कळ येतच नाही, नुसता घाम, मळमळ किंवा गळून गेल्यासारखं होतं; तेव्हा मुठीची वाट पाहायची नाही.

सप्टेंबरमध्ये क्वेबेकच्या परिषदेत एके रात्री माजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या जीवनावरचा चित्रपट पाहिल्यावर रक्तदाब २४०/१३० भरला. विल्सन यांना पदावर असतानाच १९१९ मध्ये पक्षाघात झाला होता. नोव्हेंबरमध्ये रूझवेल्ट चौथ्यांदा निवडून आले. त्याच महिन्यात वॉर्म स्प्रिंग्ज इथे पोहून आल्यावर २६०/१५० ची नोंद आहे.

फेब्रुवारी १९४५, दोस्त राष्ट्रांच्या नेत्यांची याल्टा परिषद. पोलंडच्या प्रश्नावरच्या थकवणाऱ्या बैठकीनंतर ब्रून यांनी नाडी पाहिली तर एक ठोका जोरकस, पुढचा दुबळा, परत जोरकस, परत दुबळा. अंतर सारखंच, जोर मात्र आलटून पालटून. याला पल्सस अल्टरनन्स म्हणतात. लुडविग ट्राउबे यांनी १८७२ मध्ये त्याची नोंद केली. नाडीची अनियमितता निराळी. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ठोक्यांमधलं अंतरच बेहिशेबी असतं, आणि रुग्णाला छातीत फडफडल्यासारखं वाटतं. अल्टरनन्समध्ये रुग्णाला बहुधा काही कळत नाही. मनगटावर हलकं बोट ठेवून मिनिटभर थांबणाऱ्यालाच ते कळतं, आणि कळलं तर त्याचा अर्थ डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला सारखं काम करण्याच्या पलीकडे गेला आहे. ब्रून यांनी भेटीगाठी आणि काम कमी करायला लावलं आणि दोनेक दिवसांत नाडी पूर्ववत झाली. यंत्राशिवाय, नुसत्या बोटांनी सापडलेली ही खूण मला या संपूर्ण केसपेपरमध्ये सगळ्यात देखणी वाटते. आज इको हाताशी असताना नाडी मोजायची म्हणून बोटाला क्लिप लावून आपण पुढे सरकतो.

१२ एप्रिल १९४५

जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जमध्ये सकाळी उठल्यावर रूझवेल्ट यांनी थोडी डोकेदुखी आणि मान आखडल्याची तक्रार केली. मान जरा चोळून दिल्यावर बरं वाटलं. दुपारी सव्वाच्या सुमारास ते खुर्चीत बसून कागद बघत होते, समोर चित्रकार एलिझाबेथ शुमाटोफ त्यांचं व्यक्तिचित्र रंगवत होत्या. डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर दुखतंय, असं म्हणून ते कोसळले. ब्रून पंधरा मिनिटांत पोचले. अंग गार, घामाने भिजलेलं, शुद्ध हरपलेली. रक्तदाबाचा वरचा आकडा ३०० च्या पुढे, खालचा १९०. थोड्याच वेळात उजव्या डोळ्याची बाहुली मोठी झाली. ३ वाजून ३५ मिनिटांनी मृत्यू घोषित झाला. निदान: मेंदूत मोठा रक्तस्राव. शवविच्छेदन झालं नाही.

बाहुली एकाच बाजूची मोठी होणं म्हणजे कवटीत दाब वाढून मेंदूचा भाग खाली सरकतोय आणि डोळ्याकडे जाणारी नस दाबली जातेय. स्ट्रोक या शब्दात दोन अगदी वेगळे प्रकार येतात. इस्केमिक स्ट्रोकमध्ये वाहिनी बंद होते. हेमरेजिक स्ट्रोकमध्ये ती फुटते. बाहेरून दोन्ही सारखे दिसू शकतात: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलेलं. सीटी स्कॅनशिवाय फरक सांगता येत नाही, आणि पहिल्यात देतात ते गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दुसऱ्यात जीव घेईल. म्हणून लकवा मारल्यावर घरातली ॲस्पिरिनची गोळी तोंडात घालू नका. आधी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठा. वर्षानुवर्षं उंच दाब सोसलेल्या मेंदूतल्या बारीक धमन्या फुटणं हे रक्तस्रावाचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

मॅकिन्टायर यांनी पत्रकारांना सांगितलं, की हे निरभ्र आकाशातून वीज पडावी तसं अनपेक्षित होतं. वर्षभरापूर्वी याच डॉक्टरांनी तपासणीनंतर सांगितलं होतं, की बासष्टीच्या माणसाच्या मानाने प्रकृतीबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही, श्वसनाचा त्रास तेवढा झाला. ब्रून यांना आपणहून रुग्णाला काही सांगू नका अशी ताकीद होती. रूझवेल्ट यांनीही कधी विचारलं नाही. आठवड्यातून अनेकदा दंडाला पट्टा बांधला जाई, गोळ्या समोर येत, त्या ते घेत. आकडा किती आणि गोळी कशाची, हे या अत्यंत हुशार माणसाने विचारल्याची नोंद नाही. युद्धकाळातली गुप्तता मी समजू शकतो. पण रुग्णाला स्वतःच्या आजाराचं नाव माहीत नसणं मला मान्य होत नाही, मग तो राष्ट्राध्यक्ष असो की ऊसतोड कामगार.

त्यांची मूळ वैद्यकीय फाइल बेथेस्डाच्या तिजोरीतून नाहीशी झाली. ब्रून यांनी आपल्या टिपणांवरून १९७० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर लेख लिहिला, आणि वर दिलेले बहुतेक आकडे जगाला तेव्हा कळले. रूझवेल्ट यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी चित्र बदललेलं होतं हेही सांगायला हवं. सप्टेंबर १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हरमध्ये हार्ट अटॅक आला. तोही आधी अपचन समजला गेला होता. पण नंतर डॉ. पॉल डडली व्हाइट यांनी पत्रकारांसमोर कोरोनरी थ्रॉम्बोसिस (कोरोनरी धमनीत गुठळी होणं) म्हणजे काय हे सोप्या भाषेत समजावलं, आणि अमेरिकेतल्या घराघरांत तो शब्द माहीत झाला.

त्यानंतर

रूझवेल्ट यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, जून १९४८ मध्ये, त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय हृदय कायद्यावर सही केली. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांचा पाठपुरावा सुरू झाला. उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांना ‘रिस्क फॅक्टर’ म्हणायची पद्धत तिथल्या निष्कर्षांतून रुळली. वयाबरोबर वाढलेला दाब निरुपद्रवी असतो, ही समजूतही तिथेच मोडली.

औषधाची बाजू मुंबईशी जोडलेली आहे. परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरचा अनुभव प्रसिद्ध केला. पन्नास रुग्णांवरचं काम होतं ते. आयुर्वेदात आणि गावोगावच्या वैद्यांत ही मुळी परिचयाची होतीच. वकील यांनी रक्तदाब मोजत, नोंदी ठेवत तिचा परिणाम दाखवला. त्यानंतर पाश्चात्त्य प्रयोगशाळांचं तिकडे लक्ष गेलं आणि १९५२ मध्ये तिच्यातलं रेझरपीन वेगळं काढलं गेलं. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. रेझरपीनने नाक चोंदतं, काही रुग्णांत उदासी येते, त्यामुळे पुढे ते मागे पडलं. १९५८ मध्ये क्लोरोथायझाइड हे लघवीवाटे मीठ काढणारं औषध आलं, आणि १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या चाचणीने पहिल्यांदा पक्कं दाखवलं, की खालचा आकडा ११५ ते १२९ असलेल्यांना गोळ्या दिल्या तर स्ट्रोक, हार्ट फेल्युअर आणि मृत्यू टळतात. त्या चाचणीत रेझरपीनही होतं.

आज कुणी १६२/९८ घेऊन आलं तर दुसऱ्या दिवशी परत मोजतो, घरी मोजायला सांगतो, लघवीतलं प्रथिन, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, ईसीजी बघतो आणि आकडा तसाच राहिला तर अम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी सुरू करतो. ही औषधं स्वस्त आहेत आणि सरकारी दवाखान्यातही मिळतात. रुग्ण महिनाभराने येतो, म्हणतो आता बरं वाटतंय, गोळी बंद करू का? त्याला आधीही बरंच वाटत होतं. मी त्याला वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून आकडा लिहायला सांगतो आणि पुढच्या वेळी तीच वही घेऊन यायला सांगतो. जुने आकडे समोर असले की नवं लक्षण कुठून आलं हे शोधायला वेळ लागत नाही.